कोऱ्या नळीतला डोंगर

चप्पल रस्त्यात राहिली आणि धाकटा पुढं गेला.

एवढंच झालं. शनिवारची दुपार, चौक, पायी जाणाऱ्यांसाठी रंगवलेले पांढरे पट्टे. ती भावाच्या मागं दोन पावलांवर होती म्हणून तिला दिसलं. एरवी कुणाच्या अंगावरून काय कुठं गळून पडतं हे बघत बसायला शहराला सवड नसते. उजव्या पायातली, तपकिरी, टाचेकडं झिजलेली चप्पल तिसऱ्या पट्ट्यावर उलटी पडली, आणि धाकटा एका अनवाण्या पायानं, फोटोवाल्याच्या विक्षिप्तपणाबद्दल काहीतरी सांगत, चौथा पट्टा, पाचवा पट्टा, मग उन्हानं चिकट झालेलं डांबर, मग फुटपाथची धारदार कड, असा पलीकडं पोचलासुद्धा. अकरा पावलं. तिनं मोजली. तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत हवा, पाणी, वाफा मोजण्यात गेली होती आणि आता तिला मोजायचं थांबता येत नसे. जिने मोजायची, फाइलींच्या नाड्या मोजायची, बोलणाऱ्याच्या पापण्या किती वेळा लवल्या तेही मोजायची. तिनं वाकून चप्पल उचलली. मागचा गाडीवाला हॉर्नवर ठेवलेला तळहात उचलेचना. पलीकडं धाकटा वळून उभा होता. बहिणीच्या हातात चप्पल बघून आधी तो हसला, मग ही कुणाची अशा चेहऱ्यानं बघत राहिला, मग त्यानं खाली बघितलं. दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तसं.

"चपलेनं दगा दिला की गं ताई."

"पाय भाजला नाही तुझा?"

"भाजायला काय झालं? पायात चप्पल होती की –" म्हणाला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून थांबला.

"यांचं असंच आहे," भावजय म्हणाली. "डोकं वर, पाय खाली, मधे पत्रव्यवहार बंद."

तिघंही हसले. ती चप्पल फुटपाथवर ठेवून बाजूला झाली आणि हसता हसता बघत राहिली. धाकट्यानं डोळे पायावर रोखले, अंगठा पट्ट्याकडं नेला, चुकला, पुन्हा नेला. सुईत दोरा ओवणाऱ्या म्हातारीचा चेहरा झाला होता त्याचा.

फोटो कारखान्याच्या पुस्तकासाठी होता. वीस वर्षं पूर्ण, म्हणून जुन्या कामगारांची छायाचित्रं आर्ट पेपरवर छापायची होती, मागं तिरंगी आलेख वर वर चढत गेलेला. नवा शर्ट तिनंच आणला होता, मनगटाला दोन दोन बटणं असलेला. फोटोवाला म्हणाला बाह्या खाली सोडा, आणि भावजय फोटोवाल्याशी प्रतींच्या आकारावरून हुज्जत घालत घालतच, मान न वळवता, नवऱ्याचं मनगट हातात घेऊन बटणं लावू लागली. एक, दोन. दुसरं मनगट. एक, दोन. मग गळ्याचं. धाकटा हात पुढं करून उभा, लहानपणी उभा राहायचा तसा. पण तेव्हा तो वळवळायचा. बटणं लावण्यात नवं काही नव्हतं. बघितलं नाही, ते नवं होतं. न बघता हात जातो तो सवयीनं, आणि एवढी सवय एका महिन्याची नसते, एका वर्षाचीही नसते.

"किती दिवस?" तिनं हळूच विचारलं.

"काय किती दिवस? मंगळवारी देतो म्हणालाय."

"बटणं."

भावजयीनं तिच्याकडं बघितलं. "तुम्ही पण ना ताई. बायकोला काहीतरी काम नको का?"

सुरुवात चुकली. चप्पल ही सुरुवात नव्हे. चप्पल पुष्कळ नंतरची. सुरुवात शोधायला ती फोटोवाल्याकडून घरी न जाता प्रयोगशाळेत गेली. शनिवारी दुपारनंतर तिथं कुणी नसतं. पंखे बंद, सिंकमध्ये उपड्या ठेवलेल्या चंचुपात्रांतून शेवटचं पाणी निथळून गेलेलं, आणि तिच्या टेबलावर सोमवारची फाइल. कारखान्याचा दुसरा हॉल. नऊशे माणसांना काम. सोमवारी सकाळी ती जुन्या हॉलमधल्या हवेचे नमुने घेणार, सचिव स्वतः येणार, आणि आठवड्याच्या आत तिची सही. मग चार महिन्यांनी निवृत्ती, एक शाल, एक घड्याळ, आणि 'बाईंनी या शहराला उद्योग दिला' अशी दोन भाषणं. खोटं नव्हतं ते. बारीक मोटारी करणारा हा कारखाना उभा राहिला तो तिच्या एका मिश्रणावर. मोटारीचे सुटे भाग तेलकट असतात, ते धुवावे लागतात. धुवायचं द्रावक बाहेरून यायचं आणि सोन्याच्या मोलाचं असायचं. तिनं चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत दोन वर्षं घासून तेच काम करणारं, सातव्या हिश्श्यात पडणारं मिश्रण तयार केलं. त्याला जरासा गोडसर वास होता. हॉलमधले लोक त्याला गोडं पाणी म्हणायचे. गोड्या पाण्यावर मोटारी परदेशी गेल्या, मोटारींच्या मागं तारांचे कारखाने आले, तारांच्या मागं खोक्यांचे, मग रस्ता रुंद झाला, त्यावर दिवे लागले, शाळेला दुसरा मजला चढला. तिनं ते चढताना बघितलं होतं. रात्रपाळीच्या बसमधून चकचकीत केसांच्या मुली हसत उतरायच्या तेव्हा तिला वाटायचं, हे माझं आहे, हे माझ्या चंचुपात्रातून निघालंय. वाटायला नको होतं का? बाईमाणसानं, त्या काळात, एकटीनं? आणि मग ते मिश्रण माणसाला बाधतं का हे तपासायची वेळ आली तेव्हा शहरात वाफा मोजणारी प्रयोगशाळा एकच होती. आपणच शिजवलं, आपणच चाखलं, आणि मीठ बरोबर आहे असं आपणच सांगितलं.

पुन्हा. त्याही आधी आई. आई अंथरुणावर, शेवटच्या महिन्यात, आवाज कागदासारखा. "तुझं काय, तू दगडातून पाणी काढशील. धाकट्याला चिकटव कुठंतरी." ती अकरा वर्षांनी मोठी; त्याला एका मांडीवर थोपटत दुसऱ्या मांडीवर वही ठेवून तिनं गणितं सोडवली होती. धाकटा नापास होण्यात तरबेज. पण हाताचा विलक्षण चपळ. अंगणात कुणीही, काहीही, कुठूनही फेकावं, त्यानं झेलावं. लिंबू, चेंडू, एकदा तर शेजारणीच्या हातून निसटलेली काचेची बरणी. बोटांत डोळे आहेत मेल्याच्या, असं आई म्हणायची. तिनं कारखानदाराला एक फोन केला. एकच. कारखानदार भला माणूस, स्वतः लेथवर उभा राहून वर आलेला, म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ तो आमचा भाऊ. चपळ हात आहेत ना? मग धुलाई विभागात घालू, तिथं हातांचंच काम."

हातांचंच काम.

आता ती कोरी नळी. हे सोपं आहे. कारखान्यातली हवा पंपानं काचेच्या बारीक नळ्यांतून ओढायची. नळीत कोळशाची पूड असते, ती वाफ धरून ठेवते. सोबत एक नळी नुसतीच न्यायची, तिच्यातून हवा ओढायची नाही, टोपण लावून तशीच परत आणायची. ती कोरी. प्रयोगशाळेत यंत्र प्रत्येक नळीसाठी कागदावर एक रेघ काढतं, आणि वाफ असेल तिथं रेघ डोंगरासारखी वर चढते. कोऱ्या नळीच्या रेघेवर थोडासा उंचवटा असतोच, तो नळीचा, प्रवासाचा, हाताळणीचा दोष. तेवढा बाकीच्यांतून वजा करायचा. मोठाच डोंगर आला तर समजायचं काहीतरी बिघडलंय, सगळा संच फेकून द्यायचा आणि पुन्हा जायचं. बस. एवढंच शास्त्र. वीस वर्षांपूर्वी यंत्रावर जो बसायचा तोच अजून बसतो. त्याला सगळे डोंगऱ्या म्हणतात.

"बाई," डोंगऱ्या त्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला होता, "कोरीत डोंगर आलाय."

"केवढा?"

"पोरंबाळं घेऊन सहलीला जावं एवढा."

मर्यादा पन्नासची. हॉलमधल्या नळ्या एकशेदहाच्या आसपास. कोरी, सत्तर. मंत्रालयातली बैठक चार दिवसांवर. पुन्हा नमुने म्हणजे तीन आठवडे, आणि तीन आठवड्यांत परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार हे तिला तिघांनी तीन प्रकारे सांगितलेलं. आजचे सचिव तेव्हा उपसचिव होते, खिशात टोक काढलेल्या चार पेन्सिली बाळगणारे, कळकळीचे, तरुण. कारखान्याच्या अभ्यागत कक्षात एक गोल टेबल होतं, तीन पायांचं. त्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "बाई, ही तिवई बघा. एक पाय तुमचं विज्ञान, एक यांचा उद्योग, एक आमचं सरकार. चार पायांचं टेबल डुगडुगतं. तिवई कधीच डुगडुगत नाही, जमीन कितीही वाकडी असू द्या." टाळी घेणारं वाक्य होतं, पुढं त्यांनी ते वीस वर्षं वापरलं. आणि शास्त्राच्या दृष्टीनं अगदी खरं. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर बसतात. फक्त, जमीन वाकडी असेल तर तिवई डुगडुगत नाही, ती तिरकी उभी राहते. चार पायांचं टेबल निदान खडखड करून सांगतं तरी.

"वजा कर," ती डोंगऱ्याला म्हणाली होती.

"संच फेकायचा ना पण?"

"वजा कर म्हटलं ना."

एकशेदहातून सत्तर गेले, चाळीस राहिले. वजाबाकीत चूक नव्हती. ती आजही कुणालाही तो कागद दाखवू शकली असती.

(इथं थांबता आलं असतं. माणूस एकदा घसरतो, उठतो, कपडे झटकतो. पण ती हुशार होती. एवढा डोंगर वजा का केला असं कुणी विचारलं तर? म्हणून तिनं पद्धतच सुधारली. सहा महिन्यांनी छापून आलेल्या नियमावलीतलं कलम सात: 'परिसरातील सर्वसाधारण हवेचा विचार व्हावा यासाठी कोरी नळी कारखान्याच्या अभ्यागत कक्षात, नमुने घेतले जात असताना, टोपण काढून ठेवावी. कोऱ्या नळीशिवाय संच ग्राह्य धरू नये.' सुबक वाक्यं. आज चाळीस कारखान्यांत, दर वर्षी, कुणीतरी कोऱ्या नळीचं टोपण काढून ती अभ्यागत कक्षाच्या टेबलावर अदबीनं ठेवतं. पूजेला फूल ठेवावं तसं. का, हे कुणी विचारत नाही, पुस्तकात आहे.)

वीस वर्षं तिची समजूत अशी होती: त्या खोलीची हवाच खराब असणार. हॉलपासून अंगण ओलांडून, दार लावलेल्या खोलीत सत्तर, तर हॉलमध्ये खरं किती असेल, हा विचार यायचा आणि ती त्याला दारातूनच वाटेला लावायची. उंबऱ्याच्या आत घेतलं नाही कधी. शनिवारी मात्र रिकाम्या प्रयोगशाळेत तो आत येऊन बसला, धाकट्याची चप्पल हातात घेऊन.

रविवारी सकाळी ती भावाकडं गेली. तिसरा मजला, बेचाळीस पायऱ्या. दाराच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली. पूर्वीही असेल, तिनं आज बघितली. आत आंघोळीच्या बादलीत एक तापमापक लटकत होता, दुधाचा असतो तसला. "पाणी किती गरम आहे ते कळत नाही यांना," भावजय म्हणाली, आणि जीभ चावली. धाकटा खिडकीत बसून पेपर वाचत होता. पान उलटायला तो पूर्ण तळहात वापरत होता, वाळू सारावी तसा.

"हात बघू," ती म्हणाली.

"आता काय भविष्य सांगतेस? पन्नाशी आली माझी."

"बघू दे म्हटलं ना."

तिनं त्याला डोळे मिटायला लावले आणि पेन्सिलीच्या टोकानं करंगळीला टोचलं. "कळलं?" "टोच की आधी." दुसरं बोट. तिसरं. "टोच ना ताई, उगाच नाटक कशाला?" बोटाच्या पेरावर टोकाचा काळा ठिपका उमटला होता. त्यानं डोळे उघडून तो बघितला, आणि मग लहानपणी मार्कांचा कागद घडी घालून खिशात सारायचा तशी मूठ मिटली.

"चार वर्षं झाली बटणं लावतेय मी," भावजय चहाच्या भांड्याकडं बघत म्हणाली. "मला वाटलं, वय झालं."

"सगळ्यांचंच होतं तसं," धाकटा म्हणाला. "धुलाईत वीस वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? पण उद्याची काळजी करू नकोस तू. उद्या चहा आहे." तो विषय बदलायला निघाला होता, आणि विषय बदलण्यात तो आईवर गेला होता. "तपासणीच्या दिवशी आम्हा धुलाईवाल्यांना अभ्यागत कक्षात चहा असतो ना. क्रीमची बिस्किटं. एरवी त्या खोलीत कोण घेतंय आम्हाला? तूच पाडलीस ती पद्धत, आणि तुलाच आठवत नाही."

"मी कधी पाडली?"

"पहिल्या तपासणीला! विसरलीस? मी हॉलमधून थेट तुझ्याकडं आलो, मधल्या सुट्टीत. कोपरापर्यंत ओला. सांगतो काय, शर्ट पिळला असता तर वाटीभर गोडं पाणी निघालं असतं. तू म्हणालीस बस, डबा खा. आपण एकाच डब्यात जेवलो. आणि तुझी ती काचेची कांडी, टोपण काढलेली, त्या तिरक्या टेबलावरून घरंगळत निघाली. तू किंचाळलीस. मी –" त्यानं हात हवेत फिरवला, "झेल! खाली पडायच्या वीतभर आधी. ओल्या हातानं. मग शर्टाला पुसून तुला दिली. म्हणालीस, बोटांत डोळे आहेत मेल्याच्या."

ती म्हणाली होती. आईचं वाक्य, आई गेल्यावर पहिल्यांदा. आणि हसत हसत नळी टेबलावर ठेवून दिली होती, पुन्हा डब्यात हात घातला होता, अर्धा तास दोघं बसली होती, टोपणाची आठवण निघायच्या वेळी झाली.

"आणि आपण पास झालो! मालक म्हणाले, याचा हात शुभ आहे. मालकाला ठाऊक आहे ना तुला, डाव्या हातानं यंत्र सुरू करत नाही तो माणूस. पुढच्या वर्षी म्हणाले, गेल्या वर्षीसारखंच करा सगळं, धुलाईवाल्यांना बोलवा, आहेत तसे या म्हणावं. तेव्हापासून दर वर्षी आम्ही अकरा जण त्या टेबलाभोवती. मधे तुमची कांडी. तिला हात लावून मग चहा घ्यायचा, असं पण आहे आमच्यात. नवीन पोरं तर नमस्कार करतात."

तिनं कप खाली ठेवला. बशीवर ठेवला असं तिला वाटलं. तो बशीच्या कडेवर बसला आणि कलंडला.

खोलीची हवा नव्हती. खोलीच्या हवेत काही नव्हतं. तो डोंगर म्हणजे धाकटा होता. त्याची ओली बाही, त्याची बोटं, त्याचा श्वास, शेजारी बसून खाल्लेला एकेक घास. हॉलमधल्या एकशेदहातून तिनं जे सत्तर काढून टाकले होते तो तिचा भाऊ होता. आणि नंतर दर वर्षी अकरा माणसं अंगावरची वाफ घेऊन त्या उघड्या नळीभोवती येऊन बसत होती, चहा पीत होती, आणि स्वतःला स्वतःतून वजा करून परत हॉलमध्ये जात होती. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कट केला नव्हता. कारखानदाराला कळलं होतं की नुसता शुभशकुन, हे तिला कधी कळणार नव्हतं. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. कलम सात मात्र तिच्या अक्षरातलं होतं.

तिनं सांगितलं. सगळं, पायरी पायरीनं, वर्गात शिकवावं तसं. रडत सांगणं तिला जमलं नसतं. भावजयीनं गॅस बंद केला. धाकट्यानं पेपर तळहातानं बाजूला सारला.

"उद्या तू हे तिथं बोलणार?"

"बोलायला नको?"

"बोल की. हॉल बंद होईल. एक बंद झाला की दुसरा उघडत नाही. साठ घरं आमची आणि नऊशे पुढची. आणि मी कुणाचा भाऊ आहे हे फाटकावरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे." तो रागावला नव्हता, म्हणून जास्त लागत होतं. "लेकीची दोन वर्षं राहिलीत कॉलेजची. तू बोललीस की तुझं मन हलकं होईल ताई. माझी बोटं येतील का?"

"पुढच्यांची जायची नाहीत."

"पुढचे कोण? मला नाव सांग एकाचं." मग, "एक कर. काय करायचं ते कागदावर कर. माझे हात कुणाला दाखवू नकोस. ज्याचे हात गेले त्याला धुलाईत ठेवत नाहीत, झाडूवर पाठवतात. मी बारा वर्षं काढीन, कुणाला कळू न देता. आत्तापर्यंत काढलीच ना?"

"नाही दाखवणार."

"वन्संबाई," भावजय म्हणाली. एरवी ती ताई म्हणायची. "शब्द दिलात हं."

बेचाळीस पायऱ्या उतरताना तिनं मोजल्या नाहीत, आणि खाली पोचल्यावर तिला आठवेना, आपण उतरलो कसे.

सोमवारी सकाळी अभ्यागत कक्षात सगळं जागच्या जागी होतं. तिवईवर विणलेला पांढरा रुमाल, रुमालावर कोरी नळी, टोपण काढलेली. हॉलमधले पंप सुरू करून डोंगऱ्या येऊन दाराशी उभा. सचिव आता पिकले होते, पेन्सिली एकवर आल्या होत्या. "बाई, हीच ती तिवई!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "वीस वर्षांत डुगडुगली?" कारखानदार हसला, नम्रपणे, ज्याची हयात मान मोडून काम करण्यात गेली त्याच्यासारखा. मग अकरा जण आत आले, मधली सुट्टी, कोपरापर्यंत ओले, खोलीत तो गोडसर वास पसरला, तिच्याच दोन वर्षांचा वास. एकेकानं नळीला बोट लावलं. एकेकानं कप उचलला.

दोन्ही तळहातांनी.

अकराच्या अकरा. पाखरू धरावं तसे, ओंजळीत. कान धरून कुणीच नाही. तिनं हे विसांतल्या कितीतरी वर्षी बघितलं होतं, आणि तिला वाटायचं, साहेबलोकांपुढं संकोचतात बिचारे. धाकटा टेबलाच्या उताराच्या बाजूला बसला होता. नवा शर्ट, मनगटं बंद. तो तिच्याकडं सोडून सगळीकडं बघत होता.

तिनं बोलायचं ठरवलं होतं. कागदावर, हातांचा उल्लेख न करता. तीन वाक्यं पाठ केली होती: पद्धत सदोष आहे, कलम सात मागं घेत आहे, जुने निकाल रद्द समजावेत. पहिलं वाक्य बोलली. सचिव म्हणाले, "बाई, शास्त्रात सुधारणेला नेहमीच वाव असतो, ते आपण समितीकडं देऊ. आजचं होऊन जाऊ द्या." दुसरं वाक्य बोलली. कारखानदार म्हणाला, "बाई थकल्यात. पाणी आणा रे." तिसरं वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण बिस्किटांची बशी फिरत होती. कुणी तिला अडवलं नव्हतं. उशी दाबावी तसे सगळे मऊपणानं मागं सरले आणि पुन्हा जागेवर आले.

तिनं नळी उचलली. रुमालावरून उचलली आणि रुमालाच्या पलीकडं, उघड्या लाकडावर ठेवली. आडवी. ते टेबल कुठल्या बाजूला उतरतं हे तिला ठाऊक होतं. या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ठेवली की सोडली, हे पुढं तिला कधीच ठरवता आलं नाही.

नळी फिरली. सावकाश, मग भराभर. धाकट्याचा हात गेला. विचार करून नव्हे. अंगणातला हात गेला तो, लिंबू झेलणारा, बरणी झेलणारा. वेळेवर गेला, अगदी नेमका तिच्या खाली. नळी तळहातावर पडली, सगळ्यांनी बघितलं, आणि बोटं मिटली नाहीत. नळी तळहातावरून पुढं सरकून फरशीवर गेली आणि बारीकसा आवाज झाला, नखाएवढा. मग बोटं मिटली. रिकामी.

सचिवांनी बघितलं. कारखानदारानं बघितलं, आणि त्याची नजर एका हातावरून दुसऱ्या हाताकडं, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडं, अकराही ओंजळींवरून फिरून परत आली. दहा जण आपापल्या कपात बघत होते.

"असू दे, असू दे," सचिव म्हणाले. "दुसरी असेल ना?"

डोंगऱ्यानं पेटी उघडली. "आहे."

"नको," ती म्हणाली.

"कोरीशिवाय संच धरत नाहीत, बाई." तो फार हळू बोलत होता. वीस वर्षं दारात उभं राहून वाट बघितल्यासारखा. "हॉलमधल्या जशा येतील तशा लिहू?"

"जशा येतील तशा."

"आणि वजा?"

"काही नाही."

तो पेटी बंद करून हॉलकडं गेला. सचिव पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपत होते. धाकटा उठून उभा राहिला. त्यानं बहिणीकडं एकदा बघितलं, चौकात अनोळखी पायाकडं बघितलं होतं तसं, आणि हात खिशात घालायला नेला. पहिल्यांदा खिसा सापडला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

ती मोजत होती.